खोक्यावरचा वेग आणि स्क्रीनवरचा वेग: प्रोसेसरच्या बूस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि सगळ्यात जास्त काउंटरला टेकून लोक एकच गोष्ट विचारतात: छापलेला वेग दिसत का नाही? एकाच प्रश्नाची ही वेगवेगळी रूपं आहेत. जी पुन्हा पुन्हा आली ती सोप्यापासून अवघडाकडे लावली आहेत. एखाद्या उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. खोक्यावर ४.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय, पण काम सुरू केलं की ४.० च्या वर जातच नाही. मला जुना माल दिला का?

नाही. तुमच्याकडे बहुधा इंटेलचा कोअर आय५-१२४०० आहे, ही तक्रार त्याच्याच बाबतीत जास्त येते. ४.४ हा वेग एखाद्या कोअरवर (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे राबणारा भाग) भार असतानाचा आहे. सहाही कोअर कामाला लागले की त्याची कमाल मर्यादा ४.० ठरवलेली आहे. म्हणजे तुमचा प्रोसेसर अगदी नेमानं वागतोय. खोक्यावर ‘४.४ पर्यंत’ असं असतं आणि आपण ‘पर्यंत’ वाचत नाही. कापडाच्या दुकानावरच्या ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ या पाटीतला ‘पर्यंत’ मात्र आपल्याला बरोबर कळतो.

२. बेस वेग आणि बूस्ट वेग यात फरक काय?

बेस म्हणजे हमीचा वेग. ठरलेल्या वॅटमध्ये, सगळे कोअर राबत असताना, दिवसभर टिकेल असा. १२४०० साठी तो ६५ वॅटमध्ये २.५ गिगाहर्ट्झ. बूस्ट म्हणजे त्या क्षणी वीज, उष्णता आणि करंट या तिन्हींत जागा शिल्लक असेल तर मिळणारा जादा वेग. प्रत्यक्षात चांगल्या कूलरखाली प्रोसेसर बेसपर्यंत क्वचितच उतरतो. तुमचा डेस्कटॉप सारखा बेसवरच दिसत असेल तर थेट प्रश्न १० वाचा.

इंटेलनं ही सोय २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ पासून आणली. तेव्हाचा आय७-९२० बेसला २.६६ वर चालायचा, सगळे कोअर असताना २.८० आणि एकाच कोअरवर २.९३. फरक इतका किरकोळ होता की कुणी विचारायलाच येत नसे. आज बेस आणि बूस्टमध्ये जवळजवळ दुपटीचं अंतर असतं, म्हणून हे पान लिहावं लागलं.

३. एक कोअर ४.४ वर जाऊ शकतो, तर सगळे का नाही? सगळे सारखेच ना?

सारखे का नसतात ते प्रश्न ७ मध्ये येईल. इथे सारखेच आहेत असं धरू.

माझ्या आजोळी सुपारीची बाग होती. विहिरीचं पाणी पाटानं फिरवायचे. एकाच झाडाच्या आळ्याकडे पाट वळवला की पाणी भसाभसा यायचं, चार आळी एकदम फोडली की प्रत्येकात बारीक धार. विहीर तीच, मोट तीच. प्रोसेसरची विहीर म्हणजे त्याला दिलेले एकूण वॅट.

पण प्रोसेसरचा हिशेब पाटापेक्षा कडक असतो. वेग वाढवायचा तर कोअरला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर विजेचा खर्च १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे ३३ टक्के वाढतो. हा जादा खर्च एका कोअरपुरता परवडतो. सहा कोअरनी तसाच मागितला तर वॅटही पुरत नाहीत आणि ती सगळी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढणं कूलरला जमत नाही. म्हणून शेवटच्या चारपाचशे मेगाहर्ट्झवर (हजार मेगाहर्ट्झ म्हणजे एक गिगाहर्ट्झ) सगळ्यांनी मिळून पाणी सोडायचं आणि त्या बदल्यात सहाही कोअर वापरायचे. सगळे कोअर वापरणाऱ्या कामात हा सौदा फायद्याचा आहे: सहा कोअर ४.० वर एका ४.४ वाल्यापेक्षा कितीतरी जास्त काम उरकतात.

४. किती कोअर चालू असताना किती वेग, याचा तक्ता कुठे मिळेल?

पूर्वी इंटेल तो तक्ता स्वतः द्यायची. २०१७ मध्ये आठव्या पिढीपासून तिनं तो छापणं बंद केलं आणि फक्त एका कोअरचा कमाल वेग सांगायला सुरुवात केली. माझ्या मते ग्राहकाचं नुकसान तिथेच झालं, कारण नेमका उपयोगाचा आकडा खोक्यावरून गेला.

प्रोसेसरच्या आत मात्र तो तक्ता असतोच. नमुन्यादाखल: आय५-८४०० चा बेस २.८, एका कोअरवर ४.०, दोन ते चार कोअरवर ३.९, पाच-सहा कोअरवर ३.८. आय७-८७००के एका कोअरवर ४.७ ने सुरू होतो आणि पायरी पायरीनं सहा कोअरवर ४.३ ला उतरतो. आय९-९९००के दोन कोअरपर्यंत ५.०, चारपर्यंत ४.८ आणि आठही कोअरवर ४.७. गंमत बघा, महागड्या ९९००के मध्ये वरचा आणि खालचा फरक ०.३ चाच आहे. स्वस्त ८४०० मध्ये तो ०.२ आहे, पण त्याचा बेस बिचारा २.८ छापलेला, त्यामुळे दुकानात तो उगाच गरीब दिसायचा.

तुमच्या प्रोसेसरचा तक्ता पाहायचा असेल तर विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम टाका. प्रोसेसरच्या माहितीत टर्बोच्या (इंटेलच्या भाषेत बूस्टच्या) मर्यादा कोअरच्या संख्येनुसार दिसतात. लिनक्सवाल्यांनी टर्बोस्टॅट चालवावं, तो सुरुवातीलाच हे आकडे छापतो. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांनी इथे वेळ न घालवता प्रश्न ६ कडे जावं.

५. मी एकच प्रोग्रॅम चालवतोय, म्हणजे एकच कोअर चालू. तरी कमाल वेग का नाही?

कारण एकच प्रोग्रॅम चालू असतो हा आपला समज. मागे अँटिव्हायरस असतो, ब्राउझरच्या चौदा टॅब असतात, व्हॉट्सअॅप असतं, प्रिंटरचं सॉफ्टवेअर उगाच डोकावत असतं. तक्ता बघताना प्रोसेसर ‘चालू कोअर’ कोणते मानतो? जे गाढ झोपेत नाहीत ते. नुसतं रिकामं बसणं पुरत नाही. गाढ झोपलेल्या कोअरची वीज जवळपास तोडलेली असते, आणि तीच शिल्लक दुसऱ्याला देता येते. दर काही मिलिसेकंदांनी कुणी दार वाजवत असेल तर तो कोअर गाढ झोपत नाही आणि हजेरीत धरला जातो.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सी-स्टेट, म्हणजे कोअरना झोपवायची सोय, बंद केले असतील तर हीच अडचण कायमची होते. गेमसाठी ‘सी-स्टेट बंद करा’ असा सल्ला देणारे व्हिडिओ पाहून बरेच जण तसं करतात आणि एका कोअरचा कमाल वेग हातानं घालवून बसतात.

शिवाय विंडोज एकच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते. त्यामुळे चार कोअर थोडे थोडे चाललेले दिसतात, प्रत्यक्षात काम एकच असतं.

६. रायझनमध्ये असा तक्ता का सापडत नाही?

कारण तिथे तक्ताच नाही. एएमडीच्या पहिल्या रायझनमध्ये, २०१७ साली, प्रिसिजन बूस्ट बऱ्यापैकी पायऱ्यांचा होता: दोन कोअरपर्यंत एक वेग, त्यापुढे एकदम खाली. २०१८ च्या प्रिसिजन बूस्ट २ पासून कोअर मोजणं सोडलं. आता प्रोसेसर सतत विचारतो की सॉकेटमधून (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) किती वॅट जातायत, करंट किती, तापमान किती, व्होल्टेज किती. यातली एखादी मर्यादा लागेपर्यंत तो २५ मेगाहर्ट्झच्या बारीक पायऱ्यांनी वर चढत राहतो. इंटेलच्या पायऱ्या १०० च्या असतात, म्हणून तिथे आकडे गोल दिसतात आणि रायझनमध्ये ४.३२५, ४.२७५ असे येतात.

एएम४ सॉकेटवरच्या ६५ वॅट टीडीपी (कंपनीनं छापलेला वॅटचा आकडा) लिहिलेल्या बहुतेक रायझनना प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेता येतात, आणि १०५ वाल्यांना १४२. म्हणून टीडीपीचा आकडा बघून यूपीएस निवडू नका. परिणाम असा की दोन मित्रांकडे तोच रायझन ५ ५६००जी असला तरी सगळ्या कोअरचा वेग वेगळा दिसू शकतो आणि दोघंही बरोबर असतात.

छापलेला बूस्ट दिसत नाही ही तक्रार प्रत्येक वेळी गैरसमजातून येते असंही नाही. जुलै २०१९ मध्ये रायझन ३००० आले तेव्हा अनेकांना खोक्यावरचा वेग एका कोअरवरही मिळत नव्हता. सप्टेंबरमध्ये एएमडीनं बायोससाठी नवा कोड दिला आणि २५ ते ५० मेगाहर्ट्झ परत मिळाले. मदरबोर्ड त्या काळातला असेल आणि बायोस कधीच बदललं नसेल तर आधी ते करा. यूपीएस चार्ज असताना, आणि आभाळात गडगडत नसताना.

७. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तिसरा कोअर नेहमी इतरांपेक्षा वर जातो. बाकीचे खराब आहेत का?

खराब नाहीत. एकाच झाडाचे हापूस एका आकाराचे नसतात, तसंच आहे हे. एकाच चिपवरचा एखादा कोअर कमी व्होल्टेजमध्ये जास्त वेग झेपवतो. इंटेलनं २०१६ पासून काही वरच्या प्रोसेसरमध्ये असे कोअर हेरून त्यांना थोडा जादा वेग द्यायला सुरुवात केली, त्याला टर्बो बूस्ट मॅक्स ३.० म्हणतात. एएमडीच्या रायझन मास्टरमध्ये अशा कोअरपुढे तारा दिसतो. विंडोजला ही यादी कळते आणि एकट्या कामाला ती आधी चांगला कोअर देते. तुमचा तिसरा कोअर म्हणजे चिपचा थोरला मुलगा, घरातलं प्रत्येक काम आधी त्याच्याकडे.

८. माझ्या लॅपटॉपला दहा कोअर आहेत. मग चार कोअरच्या जुन्या डेस्कटॉपएवढाच का वाटतो?

मॉडेल आय५-१२३५यू आहे ना? त्या दहांतले दोनच मोठे, पी-कोअर. उरलेले आठ ई-कोअर, कमी विजेत जास्त हातांनी काम करणारे. पीची कमाल ४.४, ईची ३.३. दोन वेगळे तक्ते एकाच चिपमध्ये असल्यामुळे ‘सगळ्या कोअरचा वेग’ असा एक आकडा इथे नसतोच. टॅली, ब्राउझर, फॉर्म भरणं ही कामं पहिल्या दोन कोअरवर मस्त चालतात. दहाच्या दहा राबायला लागले की लॅपटॉपचे वॅट आड येतात. ते पुढच्या प्रश्नात.

९. पहिलं अर्धं मिनिट उडतो, मग बसतो. दर वेळी हेच. बिघाड कसला?

हा प्रश्न ज्यानं विचारला तो दशावतारी नाटकं चित्रित करून इंटरनेटवर टाकतो. रात्रभराचं नाटक, सकाळी एक्स्पोर्ट. त्याच्या लॅपटॉपसमोर आम्ही दोघं बसलो. एक्स्पोर्ट सुरू केल्यावर वॅटचा आकडा पन्नाशीच्या घरात, पी-कोअर साडेतीनच्या आसपास, फॅनचा आवाज शिट्टीसारखा. चहा यायच्या आत आकडा विशीच्या घरात आला आणि पी-कोअर दोनवर. तापमान उलट कमी झालं. बिघाड असता तर तापमान चढत गेलं असतं.

याला दोन मर्यादा कारण आहेत. पीएल२ ही थोडा वेळ चालणारी वरची, पीएल१ ही कायमची खालची. १२३५यू साठी इंटेलचे आकडे ५५ आणि १५ वॅट. १२४०० साठी ११७ आणि ६५. आय९-१०९००के साठी २५० आणि १२५, मुदत ५६ सेकंद. ही मुदत घड्याळ लावून मोजलेली नसते. मागच्या काही सेकंदांतल्या वापराची सरासरी काढली जाते आणि ती पीएल१ ला टेकली की उचल बंद. म्हणून बराच वेळ शांत बसलेला प्रोसेसर जास्त वेळ उडतो, आणि एकामागून एक तीन एक्स्पोर्ट लावले तर तिसऱ्याला सुरुवातीचा झटका मिळतच नाही.

लॅपटॉप कंपन्या पीएल१ आपापल्या मनानं बदलतात. त्यामुळे तोच प्रोसेसर पातळ मशीनमध्ये मंद आणि जाड मशीनमध्ये वेगवान निघतो. डेस्कटॉपचे मदरबोर्ड उलट चूक करतात, त्याबद्दल प्रश्न १५.

त्या नाटकवाल्याला मी लॅपटॉप बदलायला सांगितलं नाही. एक्स्पोर्ट प्रोसेसरऐवजी त्यातल्या ग्राफिक्सच्या व्हिडिओ एन्कोडरवर वळवला. बूस्टचा प्रश्न तिथेच संपला, नाटक दुपारपर्यंत चढलं.

१०. उन्हाळ्यात कॉम्प्युटर मंद होतो का? की मलाच वाटतं?

होतो, पण नुसत्या हवेमुळे जितका वाटतो तितका नाही. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. एखादा प्रोसेसर पूर्ण भारावर खोलीपेक्षा ४० अंश वर राहत असेल तर २८ च्या खोलीत तो ६८ ला आणि ३५ च्या खोलीत ७५ ला पोचेल. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपासपर्यंत वेग सोडत नाहीत, म्हणजे या सात अंशांनी काही बिघडत नाही. अपवाद थर्मल व्हेलॉसिटी बूस्टवाले: १०९००के चा छापलेला ५.३ हा वेग ७० अंशांच्या खालीच मिळतो, वर गेलं की १०० मेगाहर्ट्झ कमी. अशा प्रोसेसरला कोकणातला मार्च महिना, खारा वारा दुपारपर्यंत सुटला नाही की, खरंच नडतो. रायझन ७००० मात्र मुद्दाम ९५ अंशांपर्यंत चढतात, ते पाहून घाबरू नका.

दमटपणामुळे वेग कमी होत नाही. दमटपणा काम करतो तो धुळीवर. एका चिरेखाणीच्या ऑफिसातला डेस्कटॉप आला होता, सहाही कोअर ३.१ वर आणि तापमान ९८. फॅन काढला तर खाली हीटसिंकच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. जांभ्याची तांबडी धूळ पावसाच्या ओलीत बसून तिचा नमद्यासारखा थर झाला होता. नखानं कोपरा उचलला तर अख्खा थर चपातीसारखा सुटून आला, त्यात पालीच्या अंड्याची दोन टरफलं. ब्लोअर, नवी थर्मल पेस्ट, आणि तेच कोअर ४.० वर ७१ अंशांत.

किनाऱ्यालगतच्या घरांत मिठानं अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती ब्रशनं निघते, पाण्यानं पुसू नका. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर मशीन चालू ठेवा, टीव्हीला करता तसंच.

११. चार्जर काढलो काय माझो लॅपटॉप सुस्त कित्याक होता?

होतलोच. बॅटरी एका दमात जितके वॅट देऊ शकते त्याला मर्यादा आहे, आणि विंडोजही बॅटरीवर आल्यावर हात आखडता घेते. बहुतेक लॅपटॉप बॅटरीवर पीएल२ खाली आणतात, त्यामुळे सगळ्या कोअरचा वेग आधी पडतो आणि एका कोअरचा बराचसा टिकतो. म्हणून बॅटरीवर टायपिंग पूर्वीसारखंच वाटतं आणि एक्स्पोर्ट रडतो. सेटिंगमधला पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ केला तर थोडं परत मिळतं. चार्जर लावूनही सुस्त असेल तर प्रश्न १९.

१२. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. त्यानं वेग कमी होतो का?

नाही. लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात आणि आतल्या चिपला जे व्होल्टेज जातं ते बाहेरच्या व्होल्टेजवर अवलंबून नसतं. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय एकतर चालतो नाहीतर मशीन बंद पडते. मंद होऊन तग धरण्याची सोय त्यात नाही.

१३. टास्क मॅनेजरमधला आकडा खरा मानायचा का?

ढोबळमानानं. तो एकच आकडा सगळ्या कोअरचा मिळून दाखवतो, त्यामुळे एक कोअर ४.४ वर गेलेला त्यात बुडून जातो. शेजारी ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो तो वाचून लोक म्हणतात माझा प्रोसेसर २.५ वरच चालतो. तो नुसता नावाचा फलक आहे.

एचडब्ल्यूइन्फोत प्रत्येक कोअरचे दोन वेग दिसतात. साधा क्लॉक म्हणजे कोअर जागा असताना ज्या वेगानं धावतो तो. ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ झोपेचा वेळ धरून काढलेला. रिकाम्या मशीनवर पहिला ४.४ आणि दुसरा ०.०५ दिसणं अगदी बरोबर आहे. पूर्ण भारावर दोन्ही जवळ आले पाहिजेत. भार असूनही इफेक्टिव्ह बराच मागे राहत असेल तर प्रोसेसर मधेमधे अडखळतोय, बहुधा उष्णतेनं किंवा कमी व्होल्टेजनं.

१४. बूस्ट बंद करता येतो का? करावा का?

येतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केला की बूस्ट थांबतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. आषाढात लाइट गेली, इन्व्हर्टरवर घर चाललंय आणि तुम्हाला फक्त सातबाऱ्याची प्रत काढून छापायची आहे, तेव्हा मी स्वतः हे करतो. फॅन शांत, बॅटरी जास्त टिकते. पण नंतर पुन्हा १०० करायला विसरू नका. ‘कॉम्प्युटर अचानक मंद झाला’ म्हणून आलेल्यांपैकी काहींना मी फक्त हा आकडा बदलून परत पाठवलंय. पैसे घ्यायला लाज वाटते.

१५. बायोसमध्ये ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ दिसतं. चालू करू?

ते चालू केलं की मदरबोर्ड प्रश्न ४ मधला तक्ता बाजूला ठेवतो आणि सगळ्या कोअरना एका कोअरचा वेग देऊ पाहतो, किंवा प्रश्न ९ मधल्या वॅटच्या मर्यादा काढून टाकतो. अनेक बोर्डांवर हे पहिल्यापासून चालू असतं, तुम्हाला न विचारता. चांगला कूलर, चांगला पॉवर सप्लाय आणि वातानुकूलित खोली असेल तर चालेल. छोट्या कॅबिनेटमध्ये, बंद कपाटाच्या खणात ठेवलेल्या मशीनला मी ते पहिल्यांदा बंद करतो.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या इंटेल प्रोसेसरवाल्यांनी तर नक्की लक्ष द्यावं. त्यांतले काही जास्त व्होल्टेजमुळे कायमचे बिघडत असल्याचं समोर आलं. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारा प्रोसेसरचा आतला कोड) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे बायोस अपडेट न करता बूस्टशी खेळू नका.

१६. व्होल्टेज कमी करून वेग वाढतो म्हणतात, ते कसं?

प्रश्न ३ मधलाच हिशेब उलटा. त्याच वेगाला कमी व्होल्टेज पुरलं तर वीज वाचते आणि ती सगळ्या कोअरच्या वेगात घालता येते. रायझन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, प्रत्येक कोअरला वेगळी कपात देता येते. गंमत अशी की तारा असलेला उत्तम कोअर सहसा कमी कपात सहन करतो, कारण तो आधीच काठावर धावत असतो. आणि मशीन बंद पडली तर बहुतेक वेळा भारावर नव्हे, रिकामी असताना, एक कोअर एकदम वर उडी मारतो तेव्हा. चाचणी फक्त पूर्ण भाराची घेऊन ‘पास’ म्हणू नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर ही सोय सुरक्षेच्या कारणावरून बंद केलेली आहे.

१७. प्राइम९५ चालवला तर वेग आणखी पडतो. मग खरा वेग कोणता?

दोन्ही. प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून बघणारा चाचणीचा प्रोग्रॅम. तो एव्हीएक्स प्रकारच्या सूचना वापरतो, त्यात एका झटक्यात खूप आकडेमोड होते आणि त्याच वेगाला वीज कितीतरी जास्त लागते. कोअर तितकेच चालू, टक्केवारी तीच १००, तरी वेग खाली. सर्व्हरच्या काही प्रोसेसरमध्ये तर एव्हीएक्ससाठी तक्ताच वेगळा असतो. तुमचं रोजचं काम टॅली आणि ब्राउझर असेल तर प्राइम९५ चा आकडा तुमच्यासाठी निरर्थक आहे.

१८. माझ्या आय३ ला बूस्टच दिसत नाही.

आय३-८१०० आहे का? त्याला बूस्ट नाहीच, एक असो वा चार, सगळे कोअर ३.६ वर. पुढच्या ९१०० पासून मिळाला. सगळ्या कोअरवर एकच वेग हवा असं म्हणणाऱ्यांसाठी हा आदर्श प्रोसेसर.

१९. सगळे कोअर ०.३९ वर अडकलेत. रीस्टार्ट करूनही तेच. हाही बूस्टचाच प्रकार?

नाही. या पानावरचं हे एकच लक्षण असं आहे की मशीन ताबडतोब दुरुस्तीला आणा. मदरबोर्डवरच्या कुठल्या तरी भागानं प्रोसेसरला ‘थांब’ असा इशारा धरून ठेवलेला असतो. तापमान ४५ असतं, वॅट दोनतीन, आणि माउसचा बाण ओढत चालतो. कारणं ठरलेली: खराब सेन्सर, बोर्डवरची ओल, किंवा लॅपटॉपनं न ओळखलेला चार्जर.

देवगडच्या एका आंबा बागायतदाराचा लॅपटॉप ऐन एप्रिलमध्ये असा आला, पेट्यांचे हिशेब अडकलेले. दुसरीकडे त्याला मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं. मी चार्जरची पिन उजेडात धरली. गोल पिनेच्या मधोमध जी केसासारखी सुई असते, जिच्यातून चार्जर आपण किती वॅटचे हे लॅपटॉपला सांगतो, ती खाऱ्या हवेनं हिरवी पडून मुळाशी तुटलेली. वीज येत होती, ओळख पटत नव्हती, म्हणून लॅपटॉप बॅटरीही भरत नव्हता आणि प्रोसेसरलाही सोडत नव्हता. माझ्याकडचा चांगला चार्जर लावला, मशीन पुन्हा सुरू केली, आणि बागायतदार स्वतःच आकडा वाचायला लागला: ‘चार पूर्णांक एक. आता तीन पूर्णांक आठ. परत कमी झाला की हो!’

मी त्याला प्रश्न १ वाचायला दिला.